बटईनं दिलेली ओळ

सिरसाळा, ता. परळी
२ एप्रिल २०२४

चि. रोहिणी,
शरणार्थ.

हे फोनवर बोलणं जमत नाही. दुकानात बसलो की एका कानाला फोन असतो आणि समोर कोणीतरी यंदा कोणतं बियाणं येणार म्हणून विचारत उभं असतं. म्हणून मेल लिहितो. आत्याला नुसतं खुशाली आली म्हण.

अप्पांचं तू ऐकलंच आहेस. उजवी बाजू अजून उचलत नाही आणि त्यांचं बोलणं आईलाच तेवढं कळतं. डॉक्टर म्हणतात, वर्ष लागेल. तोवर खत-बियाण्यांचं दुकान मलाच बघायचं आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करत होतो, ते सोडलं. राहिली ‘ओळ’.

बारा वर्षं ही कोडची लायब्ररी मी एकट्यानं सांभाळली. अप्पांना एकदा समजावून सांगितलं होतं. काळ्या पडद्यावर माणूस कॉम्प्युटरला हुकूम लिहितो, चुकतो, बाणाचं बटण दाबून मागं जातो, खोडतो, पुन्हा लिहितो. ते मागं जाणं आणि खोडणं मी केलेलं आहे. लोक ते आपापल्या प्रोग्रामला जोडून घेतात. अप्पा म्हणाले, “म्हंजी खोडरबर इकतोस.” म्हटलं, इकत न्हाई, फुकट देतो. “मंग तर लईच भारी धंदा हाय.”

एका वर्षासाठी तू ती बघशील का? पाडवा ते पाडवा. आपल्याकडे रान देतात तशी, बटईनं. काम सगळं कसणाऱ्याचं, नाव दोघांचं अर्धं अर्धं, मालकी जिथली तिथं. लिहून काही घ्यायचं नाही. दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही. परक्याच्या हातात दिली तर झोप लागायची नाही.

तुझा,
बसवेश्वर


पुणे
५ एप्रिल २०२४

ती. बसूदादा,
सा. न.

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणणार होते. पण घोडं ओळखीचं निघालं. घेते.

खरं सांगू, मला फार बरं वाटलं. इथे कंपनीत चार वर्षं झाली आणि अजून मी दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या टेबलावर बसते. तू एवढं मोठं काम विश्वासानं देतोयस म्हटल्यावर दोन दिवस नुसती हसत फिरते आहे. आईला वाटतंय स्थळ पसंत पडलं.

एकच सांगायचं आहे. ओळीच्या मालकांच्या यादीत दोघांचीही नावं ठेवू. नवी आवृत्ती सोडताना दोघांच्या फोनवर आकडे येतील, तू दुकानातून हो म्हटलंस की झालं. मामांना माझा नमस्कार. मामीला म्हणावं, शेंगदाण्याची चटणी संपली.

तुझी,
रोहिणी


सिरसाळा
९ एप्रिल २०२४, पाडवा

चि. रोहिणी,
शरणार्थ.

किल्ल्या, म्हणजे आवृत्ती सोडायचे सगळे पासवर्ड, वेगळे पाठवले आहेत. यादीतून माझं नाव मी काढलं.

तू दोघांची ठेवू म्हणालीस, पण मला ते पटलं नाही. अप्पांनी वरचं रान तीस वर्षं बटईनं दिलं. एकदा दिलं की वर्षभर त्या बांधावर पाय ठेवला नाही. ज्वारी उभी आहे की आडवी झाली, तेही त्यांना बाजारात कळायचं. “बांधावर मालक हुबा ऱ्हायला की कसनाऱ्याचा हात चालत न्हाई,” म्हणायचे. पाडव्याला बटईदार घरी यायचा, पान-सुपारी ठेवायचा, रान परत. कधी कोणी अडवलं नाही. ते तर परके लोक होते, तू आत्याची पोर.

तुला शिकवायची गरज नाही, तरी सांगतो. कोणी कितीही उर्मट लिहिलं तरी उत्तर द्यायचं. जुनं चालू आहे ते मोडायचं नाही. आणि नवीन आवृत्ती सोडण्याआधी शिरूर कासारच्या अंगद सरांना एकदा पाठवायची. ते ऊसतोड कामगारांच्या मुलांचं हंगामी वसतिगृह चालवतात. दिवाळीला आईबाप कारखान्याच्या पट्ट्यात गेले की पोरं सहा महिने सरांकडे. एका बँकेनं टाकून दिलेल्या कॉम्प्युटर-मशिनींवर पोरं मराठीतून आईबापांना निरोप लिहितात आणि तो त्यांच्या फोनवर जातो. निरोप लिहायचं सगळं ओळीवर चालतं. तिथं चाललं की सगळीकडे चालतं. नवी आवृत्ती आली की त्या मशिनी आपोआप ती उतरवून घेतात, मीच तसं करून दिलंय, म्हणून आधी विचारायचं.

आई चटणी पाठवते आहे.

बसवेश्वर


पुणे
१८ ऑगस्ट २०२४

ती. बसूदादा,
सा. न.

चार महिने पत्ता नाही म्हणून रागावू नकोस. साचलेल्या तक्रारी निम्म्यावर आणल्या. एक जर्मन गृहस्थ रोज सकाळी नवी चूक काढतो, मला आता त्याची सवय झाली आहे.

गंमत म्हणजे आमच्या कंपनीच्या एका मोठ्या प्रॉडक्टमध्ये ओळ आहे, हे मला माहीतच नव्हतं. ती आता मी बघते हे साहेबांना कळलं, तर आठवड्यातले दोन दिवस त्यांनी रीतसर त्यासाठी दिले. परवाच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा मला पुढच्या रांगेत बसवलं.

आतून बरंच नव्यानं लिहिते आहे. मराठीचा भाग मात्र जड आहे. प्रत्येक बटणाला तो एवढा मोठा तक्ता चाळतो आणि त्यामुळे बाकी सगळ्यांचं हळू होतं. तो तसाच लागतो का?

रोहिणी


सिरसाळा
२ सप्टेंबर २०२४

चि. रोहिणी,
शरणार्थ.

तुझी मेल अप्पांना वाचून दाखवली. पुढच्या रांगेचं ऐकून डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. आता त्यांचे दोन-तीन शब्द बाहेरच्यालाही कळतात. मी पेरणीच्या गर्दीत युरियावरून शिव्या खाऊन घेतल्या, आता फवारणीच्या औषधांवरून खातोय. तुझा जर्मन माझ्याकडे पाठव, त्याला आमच्या गिऱ्हाइकांपुढं बसवतो.

तक्ता जड आहे, मान्य. पण त्याला हात लावू नकोस. तो नव्हता तेव्हा पडद्यावर कर्सरची काडी एका अक्षरावर उभी असायची आणि खोडलं जायचं भलतंच. मराठीतलं कोणतं अक्षर किती घरं अडवतं, हे मशिनला कळतच नव्हतं. एकेक अक्षर पडद्यावर पाहून तो भरलाय. एक अख्खी दिवाळी त्यात गेली.

तुझं चाललंय ते उत्तम. मी बांधावर येत नाही.

बसवेश्वर


सिरसाळा
११ डिसेंबर २०२४

रोहिणी,

तीन दिवस फोन लावतोय, तू उचलत नाहीस. म्हणून लिहितो.

गेल्या आठवड्यात तू नवी आवृत्ती सोडलीस. अंगद सरांना आधी पाठवली नाहीस. त्यांच्या मशिनींनी ती आपोआप उतरवून घेतली. त्यात मराठीचा भाग नाही, तक्ताच नाही.

वसतिगृहात वैष्णवी म्हणून सहावीतली मुलगी आहे. तिनं आईला लिहिलं, ‘मला ताप आला होता, आता बरी आहे, काळजी करू नको.’ शेवटी काहीतरी चुकलं म्हणून तिनं एक-दोन अक्षरं खोडली. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं, आत मात्र ‘होता’पासून पुढचं सगळं पुसलं गेलं. आईच्या फोनवर गेलं, ‘मला ताप आला.’ वसतिगृहाचा फोन लागेना, तशी त्या बाईनं कोयता टाकला आणि मिळेल त्या ट्रकनं कोल्हापूरकडून निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात येऊन बघते तर पोरगी अंगणात खेळतेय. तिकडे नवरा एकटा पडला, तोडीला धरलेली नवरा-बायकोची जोडी मोडली म्हणून मुकादमानं त्याला फडातून काढलं. आता दोघंही घरी बसलेत. अंगद सर मला म्हणाले, “बसवेश्वर, तुमच्या भरवशावर पोरं बसवली होती हो.”

तक्ता काढण्याआधी मला एक शब्द विचारला असतास तर काय बिघडलं असतं?

बसवेश्वर


पुणे
१५ डिसेंबर २०२४

बसूदादा,

त्या बाईचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. अंगद सरांना मी फोन केला, जुनी आवृत्ती परत कशी घालायची ते सांगितलं. आता मशिनी नीट चालताहेत.

पण थोडं माझंही ऐक. जगभर कुठेही नवी आवृत्ती कोणी तपासल्याशिवाय उतरवून घेत नाही. त्या मशिनी आपोआप उतरवतील अशी सोय तू केलीस. आणि मराठीचा भाग मी फेकला नाही, बाजूला काढून ठेवला, ज्याला हवा त्यानं वेगळा जोडावा. त्याचा उपयोग करणारं अख्ख्या जगात एक वसतिगृह सापडलं. एका वसतिगृहासाठी सगळ्यांना हळू चालवायचं का, असं साहेबांनी विचारलं. मी काय सांगणार होते?

पाडव्यापर्यंत बघते काय करता येतं ते.

रोहिणी


सिरसाळा
२० जानेवारी २०२५

रोहिणी,

तू बघतेस म्हणालीस, मी वाट पाहिली नाही. दुकान बंद केल्यावर बसून तक्ता हलका केला. आता मराठी अक्षर आलं तरच तो उघडतो, इंग्रजीवाल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. बाहेरचा माणूस दुरुस्ती पाठवतो तशीच रीतसर पाठवली, कारण आता मी बाहेरचाच आहे.

उत्तर तुझं नाही आलं. तुमच्या कंपनीतल्या कोण्या मुलानं लिहिलं की आमच्या प्रकल्पात रस दाखवल्याबद्दल धन्यवाद, पण आधी सोबतच्या करारावर सही करा. करार वाचला. मी जे काही देईन त्यावरचा हक्क कंपनीला, असं त्यात आहे. आमच्या प्रकल्पात, म्हणतो तो पोरगा. स्वतःच्या रानात मजूर म्हणून लागायचं तर मस्टरवर आधी अंगठा द्या. मी सही केली नाही. दोन आठवड्यांनी दुरुस्ती फेटाळल्याचा निरोप आला.

ओळ कंपनीच्या खात्यावर गेली कधी? मी तुला दिली होती, कोण्या साहेबाला नाही. आयत्या बिळावर नागोबा आला, त्याला दूध कोणी पाजलं ते तरी सांग. अजून दोन महिने आहेत. पाडव्याला किल्ल्या परत हव्यात.

बसवेश्वर


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

दादा,

सरळच लिहिते. ओळ सप्टेंबरमध्ये कंपनीच्या खात्यावर गेली. साहेब म्हणाले, एकट्या माणसाच्या भरवशावर एवढं प्रॉडक्ट ठेवता येत नाही. मी हो म्हटलं. त्यानंतर मला टीम मिळाली, पाच माणसं. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू बांध, पान-सुपारी वगैरे लिहिलं होतंस आणि माझ्या बोटांना ते जमलं नाही. आता किल्ली माझ्या एकटीच्या हातात नाही. मी मागितली तरी ते देणार नाहीत.

तू मात्र मला चोर ठरवू नकोस. दोघांची नावं ठेवू असं मी लिहिलं होतं. तू स्वतः काढलंस, हात दाखवून अवलक्षण केलंस. तुझं नाव यादीत असतं तर तुझ्या होकाराशिवाय कंपनीला एक पाऊल पुढं टाकता आलं नसतं. थोरपणा तुझा आणि तो निस्तरायचा मी?

आणि तक्त्याबद्दल. ‘एक अख्खी दिवाळी त्यात गेली,’ असं लिहिलंस. कुणाची गेली? मी नववीत होते. तुमच्या माळवदावरच्या खोलीत मला बसवलंस, एकेक अक्षर पडद्यावर आणायचं, किती घरं अडवतं ते डोळ्यांनी मोजायचं आणि भरायचं. फटाके संपले, पोरं परळीला मेळ्याला जाऊन आली, मी मोजत होते. तू दुसऱ्या मशिनवर तुझं काम करत होतास. बारा वर्षांत तो तक्ता कोणी केला, हे तू कुठेही लिहिलं नाहीस. ओळ उघडली की वर एकच नाव होतं. मी तेव्हा काही बोलले नाही, मामाच्या घरी पोरी बोलत नसतात. आता काढलं ते माझंच होतं. माझं मी काढलं.

रोहिणी


सिरसाळा
३० मार्च २०२५, पाडवा

रोहिणी,

तू आली नाहीस. येशील असं वाटलं नव्हतंच, तरी दुकान दुपारपर्यंत उघडलं नाही.

तुझी मेल मी आईला वाचून दाखवली. वाटलं, ती माझ्या बाजूनं बोलेल. भाकरी थापता थापता म्हणाली, “पोरीचं नाव घालाया काय झालतं तुला? कावून न्हाई घातलं?” मी म्हटलं, ती लहान होती, घरातली होती. “घरातली हाय म्हनूनच तर,” म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. तुझ्यामुळं स्वतःच्या घरात ऐकून घ्यावं लागलं, त्याचा मला अजून राग आहे.

तुझं दुःख मला कळत नाही असं समजू नकोस. पण दिवाळी तुझी गेली म्हणून कोयता त्या बाईचा का सुटावा? माझ्यावर सूड उगवायचा होता तर माझं काहीतरी काढायचं होतंस. माझं सगळं ठेवलंस आणि तुझं तेवढं काढलंस, आणि त्यात मेलं तिसरंच.

ओळ कोणीही उतरवून घेऊन स्वतःची प्रत करू शकतं, ती परवानगी मीच सुरुवातीला लिहून ठेवली होती. तशी प्रत केली. ‘ओळ’ हे नाव तुमच्या कंपनीनं नोंदवून घेतलंय, म्हणून वेगळं नाव द्यावं लागलं. जगातले प्रोग्राम तुमच्याच ओळीला जोडलेले राहतील, माझी प्रत शिरूर कासारच्या त्या जुन्या मशिनींवर चालेल. बारा वर्षांचं एवढंच परत आलं.

बसवेश्वर


पुणे
२४ ऑगस्ट २०२५

ती. बसूदादा,
सा. न.

पाच महिने लिहायचं धाडस झालं नाही.

कंपनीनं ओळ बंद केली. साहेब दुसरीकडे गेले, नवे आले, त्यांनी बाहेरची दुसरी लायब्ररी घेतली. गरज सरो, वैद्य मरो. ओळीवर आता कुलूप आहे. वाचता येते, बदलता येत नाही. जर्मन गृहस्थानं दोनदा विचारलं, त्याला उत्तर द्यायलाही मला परवानगी नाही. ती परत द्या असं मी तिघांना लिहिलं. कंपनीची मालमत्ता अशी देता येत नाही, असं उत्तर आलं. टीम मोडली. मी पुन्हा जुन्या टेबलावर बसते, चुका शोधायच्या.

तू म्हणशील, बरं झालं. म्हण. मी स्वतःच रोज म्हणते.

तुझी प्रत मी बघितली. चांगली केली आहेस, माझ्याहून चांगली. एक मागते. त्यात तक्त्यापुढे माझं नाव घालशील का? आणि जमलं तर मला पुन्हा कामाला घे. किल्ली दिलीस तर रात्रंदिवस बघेन. तुला दुकानातून वेळ होत नाही, मला ठाऊक आहे.

तुझी,
रोहिणी


सिरसाळा
३१ ऑगस्ट २०२५

चि. रोहिणी,
शरणार्थ.

बरं झालं, असं मी म्हटलं नाही. बंद झालेली ओळ उघडून बघितली. माझी पहिली आवृत्ती ते कुलूप, सगळं तारीखवार दिसतं. कुणाचं तरी श्राद्ध मांडल्यासारखं वाटलं. पाणी पिऊन दुकानात जाऊन बसलो.

तुझं नाव घातलं आहे. प्रत उघडली की वरच दिसेल: तक्ता रोहिणीनं केला, दिवाळी २०१२. आईच्या धाकानं घातलं असं समजलीस तरी चालेल.

किल्ली देणार नाही. तुलाच असं नाही, आता कोणालाच देणार नाही. चूक दिसली तर कळव. परके कळवतात तशी, मी वाचून ठरवीन. दिवाळीत ट्रक निघाले की मी स्वतः शिरूरला जाऊन एकेका मशिनवर प्रत घालून येईन. आपोआप काही उतरत नाही, तशी सोय मी ठेवलेली नाही. वैष्णवी यंदा वसतिगृहात नसेल. तिची आई आता तिला सोबत फडावर नेणार आहे, मशिनच्या निरोपावर तिचा विश्वास राहिला नाही. अंगद सर दोनदा समजावून आले.

दसऱ्याला ये. आई वाट बघते आणि आत्यालाही आण. अप्पांचं बोलणं आता बरंच सुटलं आहे. पाडव्याला त्यांनी विचारलं होतं, “रोहिनीनं रान दिलं का रं माघारी?” मी हो म्हणालो. पान-सुपारी ठेवून गेली म्हणालो. त्यांच्यासमोर बसशील तेव्हा तसंच सांग.

बसवेश्वर